शिवकन्येने काढून टाकलेली पायरी

शनिवारी दुपारी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेला कुलूप लावून शिवकन्या बाहेर आली, तेव्हा फाटकाशी रामकिसन मोटारसायकलला टेकून उभा होता. कळंबहून येरमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंध मुलांची एक निवासी शाळा आहे. रामकिसन तिथला शिपाई. काही मोडल्याशिवाय त्या शाळेचे बोलावणे येत नसे, म्हणून तिने काही न विचारता पिशवी खांद्याला अडकवली आणि मागे बसली. वाटेत त्याने सांगितले ते एवढेच, की ब्रेल छापणाऱ्या यंत्राचा संगणक सकाळपासून सुरू होत नाही. बुधवारी साडेदहाला सहामाही परीक्षा. पहिलाच पेपर गणिताचा. एकोणीस मुले, आणि प्रश्नपत्रिकेची एकही प्रत छापून झालेली नाही.

शिवकन्या मूळची सास्तूरची. भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावात, पत्र्याच्या वर्गांत तिचे शिक्षण झाले. लग्न होऊन ती कळंबला आली आणि गेली सतरा वर्षे प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी करते. महाविद्यालयात तिची ख्याती बिघडलेला माउस बदलून देणारी बाई एवढीच. तिच्या दुसऱ्या कामाची वार्ता तिथे कोणालाही नाही. जगभरातल्या काहीशे माणसांनी, वेतनाची अपेक्षा न ठेवता, एक कार्य अंगावर घेतलेले आहे. निर्मात्यांनी ज्या जुन्या कार्यप्रणालींकडे पाठ फिरवली, त्यांच्यावरही आजची सॉफ्टवेअर उभी राहावीत, चांगले चालणारे यंत्र केवळ वयामुळे भंगारात जाऊ नये, हा त्या कार्याचा हेतू. शिवकन्या त्यांच्यापैकी एक.

सॉफ्टवेअर मुळात माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असते. त्या मूळ संहितेचा यंत्राला उमजेल असा अर्थ लावून देणारा जो भाष्यकार, त्याला कंपायलर म्हणतात. एकाच सूत्रावर अनेक भाष्ये असावीत तसे कंपायलरही अनेक आहेत. कोणी जुने आणि संथ, कोणी नवे आणि चपळ. कोणत्या प्रणालीवर कोणाला आधी हाक मारायची, हे ठरवणारा एक तक्ता त्या मंडळींनी केलेला आहे. वापरणाऱ्याने मुद्दाम काही सांगितले नाही, तर तक्त्यात ज्याचे नाव पहिले तोच काम करतो. म्हणून त्याला डिफॉल्ट कंपायलर म्हणायचे. या तक्त्यातल्या सर्वांत जुन्या प्रणालींच्या ओळी नऊ वर्षे शिवकन्येच्या स्वाधीन होत्या.

त्यात एक अडचण असते. नवा कंपायलर हेही एक सॉफ्टवेअरच. त्याला घडवायलाही दुसरा कंपायलर लागतो. जुन्या प्रणालीसोबत जन्मापासून आलेला जो कंपायलर, त्याला नवा घडवण्याचे सामर्थ्य नसते. तो मधल्या पिढीतला एक घडवू शकतो, आणि तो मधला मग नव्याला घडवतो. असा हा सोपान. दीड महिन्यापूर्वी शिवकन्येने त्यातली मधली पायरी तक्त्यातून काढून टाकली होती. ती सांभाळण्यात श्रम फार जात, आणि तिच्यावर थांबून कोणी काम करत नसे. शाखाचंद्रन्यायाने फांदीच्या आधाराने चंद्र दाखवला की फांदीचे प्रयोजन संपते, असाच काहीसा विचार तिच्या मनात होता. तिने आपल्या घरच्या यंत्रावर मधल्याचे नाव नसलेला तक्ता लावला, नवा कंपायलर घडवून पाहिला, तो घडला. परदेशातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पत्रातून विचारले होते, खात्री आहे का. तिने उत्तर दिले होते, “तपासले आहे.”

शाळेत वीरप्पा गुरुजी संगणकाच्या टेबलापाशीच बसून होते. गुरुजी उमरग्याकडचे, साठीला टेकलेले, जन्मांध. सकाळपासून मुख्याध्यापिकाबाई दोनदा येऊन सांगून गेल्या होत्या, की यंत्र चालत नसेल तर यंदा परीक्षा तोंडी घेऊन टाकू. गुरुजींनी दोन्ही वेळा नकार दिला होता. स्वतःच्या लहानपणी त्यांच्या साऱ्या परीक्षा तोंडीच झाल्या. मास्तरांनी प्रश्न मोठ्याने विचारायचा, एकाने उत्तर द्यायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. पहिला चुकला की दुसऱ्याला उत्तर आपोआप कळायचे, आणि पहिल्याला वर्षभर चिडवून घ्यावे लागायचे. या शाळेत आल्यापासून त्यांनी एक व्रत पाळले होते. आपल्या एकाही मुलाची परीक्षा दुसऱ्याच्या तोंडून होणार नाही. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या बोटाखाली असेल.

“तोंडी म्हंजे एकाचा पेपर अन् अठरांची करमणूक,” ते शिवकन्येला म्हणाले. “बघा ताई तुम्ही.”

तिने पाहिले. हार्ड डिस्क गेली होती. डिस्कवरच्या सगळ्या सॉफ्टवेअरची नक्कल तिने त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली होती, तीही तिच्याबरोबर गेली. ब्रेल यंत्राला जोडणारे कार्ड फक्त याच संगणकात बसत होते आणि याच जुन्या प्रणालीला ओळखत होते. म्हणून दुसरा संगणक आणून भागण्यासारखे नव्हते. पुण्याहून छापून आणायचे तर आठ दिवस. तिने सुटी डिस्क बसवली, जुनी प्रणाली नव्याने चढवली. साडेचार वाजता तिने मराठी मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारे सॉफ्टवेअर घडवण्याची आज्ञा दिली. इतक्या जुन्या प्रणालीसाठी तयार घडवलेले कोणी देत नाही. ज्याचे त्याने आपल्या यंत्रावर घडवून घ्यायचे असते. तिला वाटले होते, रविवारी संध्याकाळपर्यंत होईल.

यंत्राने क्षणभर विचार केला आणि एक ओळ लिहिली: या प्रणालीवर नवा कंपायलर घडवू शकेल असा कंपायलर उपलब्ध नाही.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग तिच्या ध्यानात आले. घरच्या यंत्रावर मधला कंपायलर वर्षानुवर्षे बसलेला होता. तक्त्यातून तिने त्याचे नाव पुसले, पण यंत्रातून त्याला काढले नव्हते. नवा घडला तो त्याच्याच बळावर, तिच्या नकळत. कोऱ्या यंत्रावर एकदा तरी करून पाहायचे, हा या कामातला पहिला नियम. नवशिक्यांना तीच तो शिकवत असे. दीड महिना झाला, या प्रणालीवर नव्याने आलेला कोणीही वर चढू शकत नव्हता, आणि त्या कोणाच्या तरी जागी आज ती स्वतः उभी होती.

“झालं काय नेमकं?” गुरुजींनी विचारले.

पडद्यावरचे अक्षर गुरुजींना दिसणार नव्हते. डिस्क गेली, म्हणून आता काही करता येत नाही, असे ती म्हणाली असती तर ते खोटेही ठरले नसते, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी सोमवारी तोंडी परीक्षेची सूचना लावली असती. तिने खुर्ची थोडी मागे घेतली.

“गुरुजी, चूक माझी हाय. मधली एक पायरी लागत न्हाय म्हणून मीच काढून टाकली होती. कोऱ्या यंत्रावर तपासलंच न्हाय. आता हे यंत्र कोरं हाय, अन् वर चढायला वाट न्हाय.”

गुरुजींचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत राहिला.

“मग बसवा परत. बुधवारपातूर बसंल?”

“आत्ता सांगता येत न्हाय.”

“बरं. मी बाईंना सांगतो, मंगळवारच्या सांजंपातूर थांबा म्हणून. त्याच्या पुढं मलाबी थांबवता यायचं न्हाय.”

रविवारी पहाटे उठून तिने सोपा मार्ग करून पाहिला. घरच्या यंत्रावरचा तयार कंपायलर उचलून पेनड्राइव्हवर घेतला. तिच्या सासूबाई, सारजाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. रविवारीसुद्धा सून बाहेर निघालेली पाहून त्या म्हणाल्या, “कुणाच्याबी संगणकाचं दुखाया लागलं की हिला बोलावणं. गावची सुईणच झाली बघा.” असे म्हणत त्यांनी दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून तिच्या पिशवीत कोंबलीच. शाळेत जाऊन तिने तो कंपायलर जुन्या संगणकात ठेवला, चालवला, आणि तो पडद्यावर एक अक्षरही न उमटवता कोसळला. तिच्या घरच्या यंत्राचा प्रोसेसर नंतरच्या पिढीचा. त्याच्यासाठी घडलेल्या आज्ञा या म्हाताऱ्या प्रोसेसरला अर्थशून्य होत्या. मधल्यासकट सारे इथेच, याच यंत्रावर, पहिल्यापासून घडवावे लागणार होते. या खटपटीत बारा वाजले.

तिने मधल्या कंपायलरची काढून टाकलेली कृती जुन्या नोंदींतून शोधून परत आणली आणि काम सुरू केले. कागदावर हिशेब मांडला. मधल्याला चौदा तास. त्याच्या हातून नव्याला अठ्ठावीस. मग ब्रेलच्या सॉफ्टवेअरला दीड. काही न बिघडता सारे पार पडले, तर मंगळवारी सकाळी आठ. पण मध्ये वीज गेली, तर कोणती फाइल अर्धी लिहून राहिली याचा भरवसा राहत नाही. अशा वेळी सगळे पुसून मुळापासून आरंभ करायचा. कोरेपणाचा नियम ती या वेळी मोडणार नव्हती. एकदा मोडून झाला होता.

सोमवारी तिने रजा टाकली. सकाळी पाहिले तर मधला घडून झाला होता आणि नव्याचे काम सुरू होते. अकरा वाजता वीज गेली. रामकिसनने वीज कार्यालयात फोन करून विचारले. दुरुस्तीसाठी पाच वाजेपर्यंत बंद, असे उत्तर मिळाले. शाळेच्या इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती. तिने सगळे पंखे, सगळे दिवे बंद करायला लावले. मुलांना कडुलिंबाखाली बसवण्यात आले. तरीही बाराला इन्व्हर्टरवरची खूण लाल होऊ लागली. पडद्यावर ओळी सरकत होत्या, आणि प्रत्येक ओळीगणिक शिवकन्येची नजर त्या खुणेकडे जात होती.

रामकिसन मध्येच नाहीसा झाला होता. तो परतला तेव्हा मोटारसायकलवर पुढ्यात ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन बसला होता. भावाने रब्बीची पेरणी तोंडावर असताना बॅटरी काढून नेल्याबद्दल त्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या, हे त्याने तारा सोलता सोलता आनंदाने सांगितले. जुनी बॅटरी न सोडवता नवी तिच्या शेजारी जोडायची होती. हात चुकला तर दोन्ही गेल्या असत्या. गुरुजी दाराशी उभे राहून इन्व्हर्टरच्या गुणगुणण्याकडे कान लावून होते. दुसरी तार टेकताना ठिणगी उडाली. गुणगुणणे क्षणभर खाली उतरले, आणि पुन्हा पूर्वीच्या सुरावर आले.

“लागली,” गुरुजी म्हणाले. खूण हिरवी झालेली शिवकन्येला त्यानंतर दिसली.

मंगळवारी सकाळी सात वाजता नवा कंपायलर उभा होता. तक्त्यातल्या क्रमाप्रमाणे यंत्राने त्यालाच हाक मारली, आणि साडेआठपर्यंत ब्रेलचे सॉफ्टवेअर घडले. प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर वेगळ्या होत्या; त्यांतल्या मराठीच्या पेपरचे एक पान तिने छापले. यंत्राने टकटक करत जाड कागद बाहेर ढकलला. गुरुजींनी दोन्ही हातांनी तो घेतला, तर्जनी ओळीवरून चालवली आणि मान डोलावली. शिवकन्येने डोळे मिटले. तीन दिवसांत प्रथमच तिला भूक लागल्याचे जाणवले.

गुरुजींनी गणिताचे पान मागितले. वाचता वाचता त्यांचे बोट एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा आले.

“ताई, पहिल्या प्रश्नात आंबे किती हायत?”

“चोवीस.”

“इथं ‘बद’ हायत.”

ब्रेलमध्ये अंकांना वेगळी चिन्हे नाहीत. अक्षरांचेच ठिपके अंकांसाठी वापरतात आणि त्यांच्या आधी एक अंकचिन्ह देतात. ते चिन्ह गळाले की दोन आणि चार हे ‘ब’ आणि ‘द’ होऊन बसतात. तिने आणखी तीन पाने छापली. कुठे अंकचिन्ह होते, कुठे नव्हते. कशालाच नियम नव्हता. नियम नसलेला दोष शोधणे हे दुष्कर काम. ती संहिता उघडून बसली. दहा वाजले, बारा वाजले, दीड वाजला. हजारो ओळींत अंकचिन्हाचा प्रश्न कुठे सुटतो ते तिला सापडले, पण तिथे वाचताना काहीच चुकलेले दिसेना. मुख्याध्यापिकाबाई एकदा दाराशी येऊन परत गेल्या. त्यांच्या हातात तोंडी परीक्षेच्या सूचनेचा कागद होता.

गुरुजी जेवायलाही उठले नव्हते.

“मला यातलं काय कळत न्हाय,” ते सावकाश म्हणाले. “पर एक इचारतो. डिस्क जायच्या आधी जे होतं, आठ वर्षं चाललं. कधी आंबं इकडचं तिकडं झालं न्हाईत. ते कशानं बनवलं होतं तुम्ही?”

“मधल्यानं,” ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

आठ वर्षांपूर्वी नवा जन्मालाच आलेला नव्हता. मधल्याचेच तेव्हा राज्य होते. पुढे नवा आला, मधला केवळ त्याच्यापर्यंत जाण्याची पायरी होऊन राहिला, आणि पायरीवर उभे राहून काम करता येते हेच तिच्या विचारातून निसटून गेले. सोमवारी पहाटेपासून मधला याच यंत्रावर सिद्ध होता. ब्रेलचे काम तिने त्याच वेळी त्याच्याकडे सोपवले असते तर दीड दिवस वाचला असता. नव्याची वाट पाहत ती ट्रॅक्टरची बॅटरी जाळत बसली होती.

आता एक निर्णय घ्यायचा होता. नवा यंत्रावर राहिला, तर एखादा भाग गुपचूप त्याच्या हातून घडेल आणि पुन्हा कशाचीच खात्री उरणार नाही. घरी नेमके असेच घडले होते. तो काढायचा, तर अठ्ठावीस तासांचे काम पुसायचे. मधल्यानेही दगा दिला, तर संध्याकाळपर्यंत हातात काहीच नसेल. दोष अर्ध्या पानांवरच होता. ज्यांत अंक थोडे ते मराठीसारखे पेपर जसेच्या तसे छापून निदान तेवढे वाचवता येतील, असेही मनात आले. तिने गुरुजींना दोन्ही बाजू सांगितल्या.

“कोरं करा,” गुरुजी म्हणाले.

तिने नवा कंपायलर समूळ काढला, तक्त्यात मधल्याचे नाव पहिल्या जागी लिहिले आणि काम सुरू केले. त्या दीड तासात वीज दोनदा लुकलुकली. रामकिसन दोन्ही बॅटऱ्यांपाशी उकिडवा बसून होता. जणू त्याने पहारा दिला नाही तर त्या उठून चालू लागतील. साडेचार वाजता गणिताचे पहिले पान बाहेर आले. गुरुजींनी ते वाचले. दुसरे वाचले. तिसऱ्यावर अपूर्णांक होते, तिथे त्यांनी बोट तीनदा फिरवले. मग पहिल्यापासून सारे पुन्हा वाचले. खांब रोवणारा जसा पुनःपुन्हा हलवून तो पक्का बसला की नाही पाहतो, तसे. शिवकन्या उभी राहून त्यांच्या बोटाकडे पाहत होती.

“चोवीस,” गुरुजी म्हणाले. मग थोडे थांबून, “लावा की छापायला. का मी आंबं मोजत बसू?”

दोष कशात होता ते तिला त्याच संध्याकाळी, घरी, डोके निवल्यावर उमगले. सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकाने एका जागी एक किंमत लिहायचीच राहू दिली होती. मधला कंपायलर अशा जागी शून्य गृहीत धरी. जुना भाष्यकार सूत्रात न आलेला शब्द अध्याहृत मानून अर्थ पुरा करतो, तसा. नवा अधिक कठोर आणि अधिक वेगवान. जे लिहिले नाही त्याच्याशी आपले काही बंधन नाही, असे मानून त्या जागी जे हाती येईल ते तो वाचत होता. अपराध नव्याचा नव्हता. पण त्या जुन्या प्रणालीवर चालणारी बहुतेक सॉफ्टवेअर अशाच जुन्या, काही जागा न लिहिताच सोडलेल्या संहितांची होती. तिथे पहिली हाक कोणाला मारायची, याचे उत्तर आता तिच्यापुढे स्पष्ट होते.

तिने तक्ता दुरुस्त केला. त्या सर्वांत जुन्या प्रणालीसाठी मधला कंपायलर परत आला, आणि केवळ पायरी म्हणून नाही. डिफॉल्टच्या जागी, नव्याच्या वर. बदलासोबत कारण लिहायची रीत असते. तिने लिहिले: दीड महिन्यापूर्वीचा माझा बदल चुकीचा होता. मी ज्या यंत्रावर तपासले ते कोरे नव्हते. ‘तपासले आहे’ हे माझे विधान खरे नव्हते. या काळात ज्यांनी प्रयत्न केला आणि ज्यांना वाट सापडली नाही, त्यांची मी क्षमा मागते.

त्या ज्येष्ठ सहकाऱ्याचे उत्तर लगेच आले. बदल त्याने स्वीकारला होता. फक्त सुचवले होते, की शेवटची तीन वाक्ये गाळून ‘तपासणीत त्रुटी राहिली’ एवढे लिहिले तरी पुरेल, ही नोंद कायमची राहते. शिवकन्येने त्याचे आभार मानले आणि वाक्ये तशीच ठेवली.

बुधवारी साडेदहाला ती वर्गाच्या दारात उभी होती. महाविद्यालयात जायला उशीर होत होता, पण पाय निघत नव्हता. एकोणीस मुले बाकांवर बसली होती. गुरुजींनी स्वतः हाताने चाचपून प्रत्येकापुढे पाने ठेवली. रामकिसनने घंटा दिली. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही. जाड कागदावरून बोटे सरकण्याचा कोरडा, बारीक आवाज तेवढा वर्गात भरून राहिला. पहिल्या बाकावरची अक्षदा पहिला प्रश्न वाचून थांबली. तिचे ओठ किंचित हलले, तिने मनातल्या मनात काही मोजले. मग शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, कागद अडकवलेली ब्रेलची पाटी पुढे ओढून तिने उत्तराचा पहिला ठिपका टोचला.